संग्रामरावांच्या नावाची पट्टी

संग्रामराव माने यांच्या नावाची पट्टी त्यांच्या स्वतःच्या दंडावर सुरुवातीचे मोजके दिवस तेवढी होती. नंतर ती त्यांच्या बायकोच्या, उर्मिलाच्या, दंडावर गेली ती तिथंच राहिली. ही गोष्ट जगात त्या दोघांनाच ठाऊक होती. बाकी सगळं कोल्हापूर संग्रामरावांच्या सुधारलेल्या तब्येतीचं कौतुक करत होतं, आणि संग्रामराव ते मान खाली घालून ऐकत होते. लोकांना तो विनय वाटत होता.

पट्टीची हकिकत आधी सांगायला हवी. संग्रामरावांचा उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना होता. पन्नाशी ओलांडल्यावर एकदा ऐन कामात, भट्टीसमोरच त्यांच्या छातीत कळ आली. झटका सौम्य होता, पण डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी तपासण्या बघून सांगितलं की रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे आणि ती नुसत्या गोळ्यांनी उतरणारी नाही.

"गोळ्या चालू ठेवू, पण खरं औषध रानात आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आरोग्यवनात जायचं. अनवाणी चालायचं, मातीत हात घालून थोडं बसायचं. घाई करायची नाही, माने साहेब. घाई केली की मात्रा लागू पडत नाही."

संग्रामरावांना वाटलं, ही आपल्या लेकीच्या वयाची डॉक्टरीण आपली चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. रानमात्रा हा शब्द तोवर औषधांच्या दुकानातही रुळला होता.

शहरात राहणाऱ्या माणसाच्या शरीरातले पहारेकरी कायम जागे असतात. धूर, गोंगाट, उकाडा, चिडचिड, कशानंही ते काठ्या घेऊन धावतात, आणि ज्या घराची राखण करायची त्याच घराच्या भिंती बडवत सुटतात. सूज म्हणतात ती हीच. रानाच्या कडेला राहणाऱ्यांमध्ये ती कमी का, हे शोधताना संशोधकांना रक्तात एक प्रथिन सापडलं. त्याचं नाव शमक. सकाळच्या उन्हात पानं आपला वास हवेत सोडतात, आणि पावलाखाली दबलेल्या जिवंत मातीतून सूक्ष्मजीवांचे कण वर येतात. हे दोन्ही एकत्र श्वासातून आणि त्वचेतून आत गेले की शरीरातल्या काही पेशी शमक तयार करू लागतात. मग पहारेकरी काठी बाजूला ठेवून जरा टेकतात.

कंपन्यांनी अर्थातच हे बाटलीत भरून बघितलं. फवारे निघाले, कुप्या निघाल्या, उशाशी ठेवायची यंत्रं निघाली. उपयोग काडीचा झाला नाही, कारण झाडांचा वास घटकेघटकेला बदलतो. वारा सुटला, पानावर अळी आली, ऊन सरकलं, की मिश्रण वेगळं. बाटलीतला वास एकच हट्ट धरून बसतो, आणि शरीर चार दिवसांत त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकतं. तेव्हा मात्रा घ्यायची तर रानात जाऊनच घ्यायची, असं ठरलं आणि शहरोशहरी आरोग्यवनं उभी राहिली. कोल्हापूरचं आरोग्यवन गावाबाहेरच्या एका सोडून दिलेल्या दगडखाणीवर वाढवलेलं होतं.

मात्रा किती मिळाली हे पट्टी सांगायची. टिकलीपेक्षा जराशी मोठी, दंडावर चिकटवायची. तिचे केसाहून बारीक काटे त्वचेखालचा ओलावा पिऊन शमक मोजायचे, शिवाय हृदयाचे ठोके टिपायचे, माणूस उभा आहे की बसलेला तेही टिपायचे. सगळं डॉक्टरांच्या पडद्यावर जायचं. फक्त एक गोष्ट पट्टीला कळत नव्हती. ती कुणाच्या दंडावर आहे हे तिनं ओळखू नये असा कायदाच होता. पूर्वी अशा यंत्रांनी लोकांच्या शरीराची माहिती विकून खाल्ली होती, त्यामुळे आता पट्टी रक्ताची ओळख पटवत नसे. ज्याच्या नावानं दिली त्याची ती.

संग्रामराव सुरुवातीला गेले. फाटकावर फोन जमा करावा लागला, तिथंच त्यांचं अर्धं अवसान गळालं. अनवाणी पायाला खडे टोचले. मातीत हात घालून बसल्यावर मुंग्या बाहीत शिरल्या. शेजारी एक निवृत्त प्राचार्य डोळे मिटून बसले होते, त्यांच्याकडे बघून संग्रामरावांना आपण वेड्यांच्या जत्रेत आल्यासारखं वाटलं. तिकडे कारखान्यात नवी विजेची भट्टी बसत होती. मग एका सकाळी चहा पिता पिता ते उर्मिलाला म्हणाले,

"माझ्या नावानं तू जातीस काय?"

"जाते की," उर्मिला म्हणाली. "पट्टी मला लावली तर चालंल?"

"तिला काय कळतंय कुणाचा दंड ते."

दोघांपैकी कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. त्या घरात हे पूर्वापार चालत आलेलं होतं. संग्रामरावांच्या आईनं त्यांच्या वडिलांसाठी जन्मभर शनिवार धरले. उर्मिलानं कारखाना चालावा म्हणून सोळा सोमवार केले, आणि नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा ती अनवाणी जोतिबाचा डोंगर चढून आली. पोट बायकोचं रिकामं राहायचं आणि आयुष्य नवऱ्याचं वाढायचं, यात हिशेबाची गफलत आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. संग्रामराव इंजिनियर होते, उपासतापासांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण मनाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, जिथं इंजिनियरही शिरत नाही, तिथं त्यांना खरोखर वाटत होतं की ती रानात गेली तर थोडंफार आपल्यापर्यंत पोचेलच.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मुजावर पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घालत होत्या.

"सुरुवातीचे दिवस बरे होते. मग एकदम आकडे घसरले. सूज आधीपेक्षा जास्त दिसते. आणि माने साहेब, तुम्ही दिवसभर उभे असता का?"

संग्रामराव खुर्चीवर बसून कारखाना चालवत. "असतो जरा," ते म्हणाले.

"जरा नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत. जेवायलासुद्धा बसत नाही असं पट्टी म्हणते. शरीर फार थकलेलं आहे तुमचं. इतक्या थकव्यात तुम्ही हसता कसे, मला नवल वाटतं."

बाहेर पडल्यावर संग्रामरावांना पहिल्यांदा थोडं ओशाळं वाटलं. त्या संध्याकाळी ते जेवताना उर्मिलाला म्हणाले, "तू बस की गं." ती म्हणाली, "तुमची भाकरी निवंल," आणि तव्याकडे गेली. संग्रामरावांनी गरम भाकरी खाल्ली. एकदा सांगून झालं, एवढ्यावर त्यांचं मन भागलं.

पुढे आकडे सुधारत गेले, आणि कसे सुधारले. शमक चढला, सूज उतरली. उर्मिला सकाळी परत यायची तेव्हा तिच्या पायांना वाळलेला चिखल असायचा आणि तोंडात काहीतरी गुणगुणणं. आज जांभळाखाली माती कशी गार लागली, करंजाच्या फुलांचा सडा कसा पडला होता, हे ती पोहे ढवळता ढवळता सांगायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. एकदा ती म्हणाली, "तुम्ही या की एकदा. नुसतं बघायला." संग्रामराव म्हणाले, रविवारी बघू. रविवार बरेच आले.

डॉक्टरांनी आकडे बघून त्यांच्या गोळ्या कमी केल्या. संग्रामराव लबाड असले तरी मूर्ख नव्हते. ते दुसऱ्या दुकानातून जुन्याच गोळ्या आणून गुपचूप घेत राहिले, त्यामुळे त्यांची स्वतःची तब्येतही जेमतेम तगून राहिली आणि कुणाला संशय आला नाही. मुजावर बाईंनी त्यांचा आलेख पुण्याच्या एका परिषदेत दाखवला. आरोग्यवनाच्या फाटकावर त्यांचा फोटो लागला; आत कोण आलं कोण गेलं याची नोंद कुणी ठेवत नसल्यामुळे फोटोतला माणूस येत नाही हे ध्यानात आलं नाही. आणि मग उद्योजकांच्या मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला.

सत्काराला उत्तर देताना काय बोलायचं हे त्यांना सुचेना. मग त्यांना पोह्यांच्या वेळची बडबड आठवली. "मंडळी," ते म्हणाले, "जांभळाखालची माती गार लागते आणि करंजाखालची ऊबदार. पायाला कळतं ते. आपण बूट घालून आपलेच पाय बहिरे केलेत." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत उर्मिला बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. संग्रामरावांची नजर तिच्याकडे गेली आणि त्यांनी पुढचं वाक्य अर्धंच सोडून दिलं. लोकांना वाटलं, गहिवरले.

गाडीत ती म्हणाली, "मातीचं छान सांगितलंत. मी सांगितलं होतं तस्संच." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

सत्काराचा हार वाळायच्या आतच मुजावर बाईंचा फोन आला. "माने साहेब, हातातलं काम सोडून या. येताना गाडी तुम्ही चालवू नका."

दवाखान्यात त्यांना झोपवून छातीला वायरी लावल्या, चालायला लावलं, पुन्हा झोपवलं. मग डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा. हृदयाला प्रत्येक ठोक्यासाठी एक ठिणगी लागते, आणि ती ठिणगी देणारी एक बारीक गाठ हृदयातच असते. तुमच्या पट्टीवर गेले काही दिवस सकाळी, चढावर असताना, ही ठिणगी मध्येच पडत नाही. हृदय थांबतं आणि पुन्हा चालू होतं. एखाद्या वेळी ते पुन्हा चालू होणार नाही. याला रानमात्रेचा उपयोग नसतो, पेसमेकरच बसवावा लागतो. पण आत्ता तपासलं तर तुमची ठिणगी ठणठणीत आहे. मला हे कोडं उलगडत नाही."

संग्रामरावांना ते तत्काळ उलगडलं.  पडद्यावर वर त्यांचं नाव होतं आणि खाली उर्मिलाचं हृदय थांबत होतं.

"पट्टी तुमच्याच दंडावर होती ना?" डॉक्टरांनी सहज विचारलं. संशयानं विचारलं असतं तर कदाचित खरं बाहेर पडलं असतं. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता, की संग्रामरावांच्या डोळ्यांपुढे तिचा पुण्यातला आलेख आला, फाटकावरचा फोटो आला, टाळ्या आल्या. हिला आता काय सांगायचं? की तू ज्याला बरं केलंस तो मी नव्हेच?

"माझ्याच," ते म्हणाले. "आज अंघोळीला काढली ती घरीच राहिली. बिघडली असंल."

"तसंच म्हणावं लागेल," असं म्हणत डॉक्टरांनी त्या दिवसांच्या नोंदींपुढे यंत्रदोष अशी खूण केली, त्या आलेखातून पुसल्या आणि संग्रामरावांच्या हातात नवी पट्टी ठेवली. "मला घाबरवलंत तुम्ही," असं म्हणून त्या हसल्या. संग्रामरावही हसले. आपण त्या क्षणी हसलो, हे ते पुढे कधीच विसरू शकले नाहीत.

घरी आले तेव्हा उर्मिला गच्चीवर वाळवण उलथत होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तुला चढावर काही होतं काय?"

"होतं कधी कधी. डोळ्यापुढं अंधार येतो," ती म्हणाली. "पण मी लगेच खाली बसून घेते. बसलं की जातं."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"त्यात काय सांगायचं? आणि पट्टी तुमच्या नावाची. उगंच माझ्यापायी तुमचे आकडे बिघडायचे."

संग्रामरावांना तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ती आपला अंधार लपवत होती, कशासाठी, तर त्यांच्या आलेखाला डाग लागू नये म्हणून. सांगावं, आत्ताच्या आत्ता तिला गाडीत घालून मुजावर बाईंकडे न्यावं, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच मनानं लगेच दुसरी वाट काढून दिली. परवा पुण्याचे पाहुणे आरोग्यवन बघायला येणार होते, संग्रामरावांना भेटायला. ते एकदा जाऊ देत. मग उर्मिलाला नवी पेशंट म्हणून घेऊन जायचं, तिच्या नावाची वेगळी पट्टी घ्यायची, यंत्रात जे दिसायचं ते दिसेल, उपचार होतील आणि जुनं काही उकरावं लागणार नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न. लाज माणसाला किती हुशार करते हे ज्याचं त्यालाच कळतं.

"उद्या जाऊ नकोस रानात," एवढंच ते म्हणाले.

"का?"

"नको म्हणतोय ना."

का नको ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गेली नसती. न सांगितल्यामुळे तिला वाटलं, आपण दमतो म्हणून नवरा काळजीनं म्हणतोय, आणि त्याच्या काळजीपायी त्याच्याच मात्रेत खंड पडू द्यायचा हे तिच्या हिशेबात बसेना. धरलेलं मध्येच सोडायचं नसतं, हे ती ज्या घरात वाढली तिथंही तसंच होतं.

सकाळी संग्रामराव अंघोळ करून बाहेर आले तेव्हा घरात ती नव्हती. टेबलावर पट्टीची डबी उघडी होती, आत पट्टी नव्हती. चहा झाकून ठेवलेला होता.

त्यांनी गाडी काढली. वाटेत ते स्वतःला बजावत होते, काही होत नाही, इतके दिवस काही झालं नाही. फाटकाशी पोचले तर तिथं धावपळ चाललेली. खांबावरचा लाल दिवा लागला होता. आत कुणाची पट्टी सलग धोक्याचं सांगू लागली की तो लागायचा. रानात मात्र पट्टीची जागा नेमकी कळत नसे, माणूस शोधावा लागायचा. कर्णा हातात घेतलेली एक तरुणी ओरडत होती, "माने साहेब! संग्राम माने साहेब! जिथं असाल तिथं बसून राहा!"

आतून दोघे जण धापा टाकत आले. "वरपर्यंत बघितलं. फोटोतला माणूस कुठंच नाही," एक जण म्हणाला. "जांभळापाशी एक बाई झाडाला टेकून बसल्यात डोळे मिटून. त्यांना विचारलं, माने साहेब दिसले काय, तर बोलल्या नाहीत. ध्यान लावलंय वाटतं. म्हटलं कशाला त्रास द्या, आलो पुढं."

सकाळच्या मात्रेला आलेले बरेच लोक तिथं जमले होते. निवृत्त प्राचार्य होते, मंडळातले दोघे तिघे होते. फाटकाच्या भिंतीवर संग्रामरावांचा हसरा फोटो होता. संग्रामरावांना आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा ऐकू आला.

"संग्राम माने मी आहे."

कर्णेवाली पोरगी त्यांच्याकडे आणि मग फोटोकडे बघत राहिली. "तुम्ही बाहेर कसे? तुमचे ठोके थांबतायत आत."

"माझे नाहीत. ती बाई माझी बायको आहे. पट्टी तिला लावलीय." आणि कुणी विचारायच्या आत ते पुढं म्हणाले, "सुरुवातीचे मोजके दिवस सोडले तर तिलाच लावलीय."

 बोलायला वेळ नव्हता. ते दोघे आल्या पावली उलटे पळाले, त्यांच्यामागे स्ट्रेचर घेऊन आणखी दोघे. संग्रामरावही पळत सुटले आणि पहिल्याच वळणावर थांबले, कारण तिथं दोन वाटा फुटत होत्या आणि जांभळाकडे कुठली जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या मातीवर त्यांनी भाषण केलं होतं ती त्यांच्या पायाखाली होती. मागून आलेल्या प्राचार्यांनी हातानं वाट दाखवली. ते त्यांच्याकडे बघतही नव्हते.

उर्मिला जांभळाला टेकून बसलेली होती. एका बाजूला कलली होती. दोन्ही हात मांडीवर होते, ओठ निळे पडले होते, आणि पदर मात्र नीट खांद्यावर होता. स्ट्रेचरवाल्यानं तिच्या छातीवर दोन पाट्या चिकटवल्या आणि हातातल्या यंत्राचं बटण दाबलं, तेव्हा बाहेरून ठिणगी गेली आणि तिनं श्वास घेतला. संग्रामराव बाजूला उभे होते. त्यांना कुणी काही करायला सांगितलं नाही.

दुपारपर्यंत पेसमेकर बसवून झाला. त्याआधी दवाखान्यातल्या सिस्टरनं संग्रामरावांना विचारलं होतं, रक्तगट कोणता, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, पहिली चक्कर कधी आली होती. त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सिस्टर म्हणाली, "राहू दे, फाइलला असेल कुठंतरी." फाइल होती. सगळी माहिती होती, महिन्या-महिन्यांची, अगदी ठोक्या-ठोक्याची. वर नाव त्यांचं होतं.

डॉक्टर मुजावर बाहेर आल्या त्या त्यांच्यासमोरच्या बाकावर बसल्या. चिडलेल्या दिसत नव्हत्या. फार दमलेल्या दिसत होत्या.

"त्या वाचल्या," त्या म्हणाल्या. "आता धोका नाही."

संग्रामरावांनी हात जोडले. "डॉक्टर, तुमच्या त्या आलेखाचं..."

"तो मी मागं घेईन. पुण्याला कळवते आजच."  "आलेख खोटा नव्हता हो. मात्रा लागू पडली होती, आणि फार छान लागू पडली होती. मला वाईट याचं वाटतं की एवढे महिने मी ज्यांच्यावर उपचार करत होते त्यांना मी एकदाही भेटले नाही. तुम्ही दिवसभर उभे असता का, हे मी तुम्हाला विचारलं होतं. त्यांना विचारायला हवं होतं. आणि काल मी जे पुसलं ते त्यांचं हृदय होतं."

"ते मी पुसायला लावलं," संग्रामराव म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाल्या, आणि उठून गेल्या. त्यांनी नाही म्हणावं, थोडं तरी समजून घ्यावं, अशी आशा संग्रामरावांच्या मनात होती. ती होती याचीही त्यांना लाज वाटली.

आत उर्मिला जागी होती. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर पडलं होतं. संग्रामराव खुर्ची ओढून बसले. काय बोलायचं ते त्यांनी बाहेर ठरवून ठेवलं होतं, ते सगळं एकाएकी पुस्तकी वाटू लागलं.

"मला काल कळलं होतं," ते म्हणाले. "दवाखान्यात दाखवलं त्यांनी. तुझं हृदय थांबतंय हे मला माहीत होतं, आणि मी पट्टी बिघडली म्हणून सांगितलं. लाज वाटली म्हणून. माझी लाज राखायला तुला जाऊ दिलं."

उर्मिलानं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. संग्रामरावांना तिच्या डोळ्यांत राग शोधायचा होता, तो सापडला असता तर त्यांनी तो आनंदानं घेतला असता. तिथं नुसतं बघणं होतं, नव्या माणसाकडे बघावं तसं.

"तुम्ही मला ते गच्चीवरच सांगायचं होतं," ती म्हणाली. एवढंच. मग पाणी मागितलं. त्यांनी पेला पुढे केला, तो जास्त कलला आणि थोडं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. तिनं ते स्वतःच पुसलं.

"डॉक्टर म्हणतात, बरी झालीस की रानात पुन्हा जायला हरकत नाही," संग्रामराव म्हणाले. "आता मी पण येणार. माझी पट्टी मी लावतो, तुझी तू लाव. रोज सकाळी दोघं जाऊ. मी तुला एकटीला सोडणार नाही."

हे बोलताना त्यांना पहिल्यांदाच थोडं हलकं वाटलं. आपण काहीतरी भरून काढतोय असं वाटलं.

"नको," उर्मिला म्हणाली.

"का?"

ती शब्द जुळवत होती. असं काही बोलायची तिला सवय नव्हती.

"तिथं मला कुणाचं काही करावं लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आलात की टोपी घेतली काय, पाणी घेतलं काय, पायाला काय टोचलं, हेच बघत बसावं लागंल मला. मला तिथं बरं वाटत होतं ते नुसतं झाडांमुळं नव्हतं हो. तुम्ही जावा की, तुम्हाला गरज आहे. पण संध्याकाळी जावा. सकाळी मी जाते."

संग्रामराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना, आणि आज पहिल्यांदा जे मागितलं ते हे होतं.

"बरं," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. संग्रामराव जागचे हलले नाहीत. रात्री ती त्यांच्यानंतर आडवी व्हायची आणि सकाळी त्यांच्याआधी उठलेली असायची. आपण जागे आहोत आणि उर्मिला झोपली आहे, असं त्यांनी लग्नानंतर आजच पाहिलं.